स्पेन 1936 : युद्धाच्या पोटातली क्रांती

प्रश्न : स्पेनमधील 1936 ते 1939 च्या यादवी युद्धाविषयी वाचताना दोन विधाने वारंवार भेटतात. एक असे, की डाव्यांची क्रांती उंबरठ्यावर आली होती म्हणून लष्कराला उठाव करावा लागला. दुसरे असे, की क्रांतीच्या नादी लागल्यामुळे प्रजासत्ताकाचा, म्हणजे निवडून आलेल्या सरकारचा पक्ष युद्ध हरला. काही ग्रंथांत तर या क्रांतीचा उल्लेख जेमतेम परिच्छेदभर असतो. अभ्यासकाने यांतले काय ग्राह्य धरावे?

उत्तर : दोन्ही विधाने आधी तारखांवर तपासावीत, कारण या विषयावरील बहुतेक वाद घटनाक्रम सैल धरल्यामुळे झालेले आहेत.

उठावाला 17 जुलै 1936 रोजी स्पॅनिश मोरोक्कोतील मेलिया येथे सुरुवात झाली. त्याआधीचे पाच महिने अशांततेचे होते, हे कोणी नाकारत नाही. फेब्रुवारीतील निवडणूक डाव्या आघाडीने जिंकली होती. 25 मार्चला एस्त्रेमादुरा प्रांतात हजारो भूमिहीन शेतकऱ्यांनी एकाच दिवशी मोठ्या जमीनदारांच्या जमिनी ताब्यात घेतल्या. संप आणि राजकीय खून चालू होते. 12 जुलैला डाव्या विचारांचे पोलीस अधिकारी लेफ्टनंट कास्तियो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उजव्या पक्षाचे नेते काल्वो सोतेलो मारले गेले. तरीही सत्तेवर असलेले मंत्रिमंडळ संपूर्णपणे मध्यमवर्गीय प्रजासत्ताकवाद्यांचे होते, त्यात एकही समाजवादी वा कम्युनिस्ट मंत्री नव्हता. जनरल मोला यांची कटाच्या तयारीची गुप्त सूचनापत्रे एप्रिलपासून फिरू लागली होती, म्हणजे काल्वो सोतेलो यांच्या हत्येच्या कितीतरी आधीपासून. कम्युनिस्ट कटाचा पुरावा म्हणून उठावाच्या समर्थकांनी जे कागद पुढे केले, ते बनावट असल्याचे संशोधकांनी नंतर दाखवून दिले आहे.

क्रांती झाली ती उठावानंतर, आणि उठावामुळे झाली. पंतप्रधान कासारेस किरोगा यांनी कामगार संघटनांना शस्त्रे देण्यास नकार दिला आणि 18 जुलैला राजीनामा दिला. मार्तिनेझ बार्रिओ यांचे मंत्रिमंडळ काही तासच टिकले. 19 जुलैला आलेल्या होसे हिराल यांनी शस्त्रवाटपाला संमती दिली, तोवर राज्ययंत्रणा मोडून पडली होती. लष्कर दुभंगले होते, पोलीस दुभंगले होते आणि जिथे बंड फसले तिथे ते हाणून पाडणाऱ्यांच्या हातीच रस्ते, कोठारे व रेल्वे स्थानके राहिली. बार्सेलोनात 19 आणि 20 जुलैला सी.एन.टी. या अराज्यवादी (राज्यसंस्थाच नको मानणाऱ्या) कामगार संघटनेच्या सभासदांनी, निष्ठावंत पोलिसांच्या साथीने, बंडखोर पलटणींचा पाडाव केला. बार्सेलोना राजधानी असलेल्या कॅटलोनिया या स्वायत्त प्रांताचे अध्यक्ष लुईस कोंपानिस पदावर राहिले, पण शहराचा खरा कारभार 21 जुलैला स्थापन झालेल्या फॅसिस्टविरोधी पथकांच्या मध्यवर्ती समितीकडे गेला. थोड्याच दिवसांत ट्रामगाड्या कामगारांच्या व्यवस्थापनाखाली लाल-काळ्या रंगात धावू लागल्या आणि रिट्झ या उंची हॉटेलात सार्वजनिक भोजनालय सुरू झाले. शेजारच्या आरागॉन प्रांतातील अनेक गावांनी जमीन एकत्र केली; काहींनी चलन बंद करून कुटुंबातील माणसांच्या संख्येप्रमाणे चिठ्ठ्यांवर धान्य देण्यास सुरुवात केली. हे सारे स्वखुशीने झाले का, हा प्रश्न गावागणिक वेगळ्या उत्तराचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या मजुरी करणाऱ्याला सामूहिक शेती हवी होती. चार एकर राखून असलेल्याला ती हवी असेलच असे नव्हते आणि शेजारून सशस्त्र पथके जात असताना त्याच्या होकाराचा अर्थ काय लावायचा, याचा विचार अभ्यासकाने केलाच पाहिजे.

आता या क्रांतीला कित्येक ग्रंथांत जागा का मिळाली नाही, ते पाहू. प्रजासत्ताकाला ब्रिटन आणि फ्रान्सकडून शस्त्रे हवी होती आणि ती मिळवायची तर स्पेनमध्ये केवळ कायदेशीर लोकशाही सरकार बंडखोरांशी लढत आहे, असेच जगाला दिसणे आवश्यक होते. सोव्हिएत संघाचीही तीच इच्छा होती. 21 डिसेंबर 1936 रोजी स्टालिन, मोलोतोव्ह आणि वोरोशिलोव्ह यांनी हिराल यांच्यानंतर पंतप्रधान झालेले समाजवादी नेते लार्गो काबायेरो यांना लिहिलेले पत्र याचा उत्तम पुरावा आहे. शेतकरी आणि छोटे मालक दुखावू नयेत, परदेशी नागरिकांच्या मालमत्तेला हात लावू नये, स्पेन कम्युनिस्ट प्रजासत्ताक आहे असे म्हणायला शत्रूला वाव देऊ नये, असा सल्ला त्यात आहे. जगभर क्रांतीचे केंद्र म्हणवणारी सत्ता प्रत्यक्ष घडलेली क्रांती आवरा असे सांगत होती, आणि त्याच वेळी युद्धापूर्वी लहान असलेला स्पॅनिश कम्युनिस्ट पक्ष सामूहिकीकरणाने धास्तावलेल्या दुकानदारांचा, छोट्या कारखानदारांचा आणि शेतमालकांचा आधार बनून झपाट्याने वाढत होता. माझ्या मते हा या इतिहासाचा गाभा आहे. तो ज्या ग्रंथात नाही, त्या ग्रंथात लढायांचे वर्णन कितीही बारकाईचे असले तरी प्रजासत्ताकाच्या बाजूला एकमेकांवर बंदुका का रोखल्या गेल्या, याचा उलगडा होत नाही.

बंदुका रोखल्या गेल्या त्या बार्सेलोनात, मे 1937 मध्ये. कॅटलोनिया चौकातील टेलिफोन केंद्र जुलैपासून कामगार समितीच्या ताब्यात होते आणि सरकारचे फोन याच केंद्रातून जात. राष्ट्राध्यक्ष आझान्या आणि कोंपानिस यांचे बोलणे चालू असताना एका ऑपरेटरने मध्येच थांबवून लाइन अधिक महत्त्वाच्या कामासाठी हवी असल्याचे सांगितले, असा प्रसंग नोंदलेला आहे. राज्यसत्ता नेमकी कोणाची, हा प्रश्न याहून थेटपणे क्वचितच विचारला गेला असेल. 3 मे रोजी पोलिसांच्या तुकड्या केंद्राचा ताबा घेण्यास आल्या, वरच्या मजल्यांवरून गोळीबार झाला आणि पुढचे काही दिवस शहरभर अडथळे उभे राहिले. लार्गो काबायेरो यांना 17 मे रोजी पायउतार व्हावे लागले आणि नेग्रिन पंतप्रधान झाले. स्टालिनविरोधी मार्क्सवाद्यांच्या पी.ओ.यू.एम. पक्षाचे नेते आंद्रेऊ निन यांना 16 जूनला अटक झाली; सोव्हिएत हस्तकांनी त्यांना पळवून ठार मारले. ऑगस्टमध्ये कम्युनिस्ट सेनानी लिस्तेर यांच्या सैन्याने आरागॉनचा कारभार पाहणारे अराज्यवाद्यांचे मंडळ आणि तिथली सामूहिक शेती मोडून काढली, मात्र शेतीची घडी विस्कटल्यावर काही ठिकाणी सामूहिक शेती पुन्हा चालू द्यावी लागली.

तर क्रांतीमुळे युद्ध हरले काय? 1936 च्या शरद ऋतूपुरता या आक्षेपात दम आहे. आदेशावर चर्चा करणारी हौशी पथके बंडखोरांनी मोरोक्कोतून आणलेल्या कसलेल्या सैन्यापुढे माद्रिदपर्यंत मागे हटत गेली. परंतु नोव्हेंबरात माद्रिद वाचले, मार्च 1937 मध्ये ग्वादालाहारा येथे इटालियन सैन्याचा पराभव झाला, आणि क्रांतीचा कणा मोडल्यानंतरच्या काळात प्रजासत्ताकाने बिल्बाओ, सांतांदेर आणि हिहोन एकापाठोपाठ एक गमावले. 15 एप्रिल 1938 रोजी बंडखोरांचे सेनाप्रमुख जनरल फ्रँको यांचे सैन्य भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचले आणि प्रजासत्ताकाचे दोन तुकडे झाले. शिस्तीचे सैन्य उभे राहिल्यावर पराभव वाढत गेले, याचा अर्थ शिस्त निरुपयोगी होती असा नाही. जर्मन विमाने, इटलीने पाठवलेले हजारो सैनिक आणि प्रजासत्ताकाला कायदेशीरपणे शस्त्रे विकत घेऊ न देणारे ब्रिटन-फ्रान्सचे हस्तक्षेपबंदीचे धोरण यांचे पारडे दोन्ही बाजूंच्या घोषणांपेक्षा जड होते. क्रांती चिरडल्यामुळेच युद्ध हरले, हे अराज्यवाद्यांचे उलट विधानही याच कारणाने मला मान्य नाही. मे 1937 नंतर कामगारांचा उत्साह ओसरला हे खरे, पण उत्साहाने विमाने पडत नाहीत.

प्रश्न : विजेत्या पक्षाने 36 वर्षे राज्य केले. मग पराभूतांच्या क्रांतीविषयी विश्वासार्ह कागद उरलेच कसे?

उत्तर : ते उरले याचे एक कारण विजेत्यांनीच ते जपले, हे आहे. शहरे पडत गेली तसतशी फ्रँकोची खास पथके पक्ष, कामगार संघटना, फ्रीमेसन या बंधुसंघाची मंडळे आणि नगरपालिका यांची दप्तरे पोत्यांत भरून सलमान्का येथे नेत असत. हेतू इतिहास जतन करण्याचा नव्हता. सभासद नोंदवही, वर्गणीची पावती, इतिवृत्तावरील सही यांतून नावे काढून लाखो कार्डे तयार केली गेली, आणि ज्याचे नाव कार्डावर आले त्याच्यावर खटला, बडतर्फी किंवा त्याहून वाईट प्रसंग ओढवू शकत असे. आज हाच कागदसंग्रह संशोधकांना खुला आहे. तिथला कागद हाती घेताना तो का गोळा केला गेला याचे भान ठेवावे लागते : पोलिसांना उपयोगी वाटलेले जतन झाले, बाकीचे टाकून दिले गेले. यांतली कॅटलोनियाची कागदपत्रे परत करण्याचा कायदा 2005 मध्ये झाला, तेव्हा सलमान्कात मोठी निदर्शने झाली होती.

सी.एन.टी.ने आपली दप्तरे पेट्यांत भरून देशाबाहेर काढली. ती ॲमस्टरडॅमच्या सामाजिक इतिहास संस्थेत आहेत. तिसरा साठा मॉस्कोत आहे आणि तो 1991 नंतर बऱ्याच अंशी खुला झाला. 1960 च्या सुमारास लिहिणाऱ्याला वर्तमानपत्रे, पत्रके आणि निर्वासितांच्या मुलाखती यांवरच भिस्त ठेवावी लागे, म्हणून जुना ग्रंथ वाचताना लेखकाला त्या काळी काय उपलब्ध होते ते आधी पाहावे. निर्वासितांच्या आठवणींचे मोल मोठे आहे, पण 1950 च्या शीतयुद्धाच्या हवेत सांगितलेली 1937 ची गोष्ट बहुधा सोव्हिएत संघाविषयीच्या नंतरच्या संतापानेही रंगलेली असते. ती 1937 च्याच वर्तमानपत्राशेजारी ठेवून वाचली, तर दोन्हींचे वजन कळते.

प्रश्न : युद्धरेषेमागे झालेल्या हत्यांचे आकडे ग्रंथागणिक इतके वेगळे का?

उत्तर : फ्रँकोच्या राजवटीने प्रजासत्ताकाच्या बाजूने झालेल्या हत्यांची सरकारी चौकशी केली, मृतांची नावे चर्चच्या भिंतींवर कोरली, आपल्या बाजूने झालेल्या हत्या मात्र नोंदवू दिल्या नाहीत किंवा मृत्यूचे कारण मोघम लिहिले. 1980 नंतर स्थानिक संशोधकांनी जिल्हावार दफनभूमी व मृत्युनोंदी तपासल्या. आता सर्वसाधारणपणे मान्य असलेले चित्र असे : प्रजासत्ताकाच्या प्रदेशात सुमारे 50,000, त्यांतील बहुतांश पहिल्या पाच-सहा महिन्यांत, फ्रँकोच्या बाजूने युद्धकाळात आणि युद्धानंतर मिळून 1,30,000 किंवा अधिक. क्रांतीविषयी आपुलकी असलेल्या लेखकाने पहिला आकडाही पूर्ण वजनाने लिहिला पाहिजे. 1961 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार 6,832 धर्मगुरू, साधू आणि जोगिणी मारल्या गेल्या, आणि तो आकडा आजही स्थूलमानाने टिकून आहे. अनेक गावांत हे खून सामूहिक शेती सुरू झाली त्याच आठवड्यांत झाले, त्यामुळे एकाचा इतिहास दुसऱ्याला वगळून लिहिता येत नाही.