“आई, इथे हळू बोल ना”

*ताई, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्या शाळेत निम्मे विषय आमच्या घरच्या भाषेत शिकवतात, निम्मे दुसऱ्या भाषेत. आम्ही हौसेने तिथे घातलं. पण वर्षभर ती घरीही त्या दुसऱ्या भाषेतच उत्तर देते. आजीशी बोलणं टाळते. परवा शाळेच्या दारात हाक मारली तर म्हणाली, “आई, इथे हळू बोल ना.” नवरा म्हणतो, शाळा बदलू, एकच भाषा ठेवू. ही ना इकडची राहणार ना तिकडची, या भीतीने मला झोप लागत नाही. — एक आई*

प्रिय मैत्रीण,

ते वाक्य जिव्हारी लागलं असणार. तरी मला त्यात तुमच्याबद्दलची लाज दिसत नाही. या वयात मुलं मैत्रिणींच्या नजरेतून स्वतःकडे बघू लागतात, आणि कुठल्या भाषेला किती मान आहे हे त्यांना वर्गाबाहेरच कळतं. वेळापत्रकात निम्मं-निम्मं असेलही. पण मधल्या सुट्टीत खेळ कुठल्या भाषेत चालतो? बक्षीस देताना, पालकांना सूचना देताना बाई कुठली भाषा वापरतात? सगळा मान एकीकडेच जात असेल, तर तुमच्या लेकीने तो बरोबर हेरला आहे.

कॅनडात माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट इथे १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांचं शिक्षण फ्रेंचमधून सुरू झालं. ती फ्रेंच शिकली आणि त्यांचं इंग्रजीही पक्कं राहिलं, कारण घराबाहेर इंग्रजीचा दबदबा होता. स्थलांतरितांच्या मुलांचं मात्र अनेकदा उलट होतं: शाळेची भाषा येते आणि घरची हळूहळू सुटते. सेंट लँबर्टच्या मुलांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट यांनी हाच फरक मांडला, की एका परिस्थितीत दुसरी भाषा भर घालते, दुसऱ्या परिस्थितीत पहिलीची जागा घेते. म्हणून तुमच्या मिस्टरांचं निदान मला पटत नाही. दोन भाषा असणं हा त्रास नाही, त्यातली एक दुय्यम ठरणं हा आहे. शिवाय द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांच्या मते नव्या भाषेत गप्पा मारायला मूल साधारण दोन वर्षांत शिकतं, पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. मग ऐन मध्यावर शाळा का बदलायची?

निदान शाळा बदलण्याची चर्चा तिच्यासमोर तरी नको. आपल्यातलं काहीतरी काढून टाकायचं आहे, असंच तिला ऐकू येईल.

आता आजी. मुलीला आजीचं सगळं समजत असणार, पण उत्तर देताना शब्द सापडत नसतील. घरच्या भाषेत ती ‘जेव, झोप, आवर’ एवढंच ऐकत असेल, तर भांडण, गुपितं, मनातली भीती यांसाठी शब्द येणार कुठून? ती अडखळली की घरात कुणी हसतं का, “नीट बोल” म्हणतं का, ते बघा. तसं होत असेल तर आजच थांबवा. ती बाकावरच्या जागेवरून झालेलं भांडण शाळेच्या भाषेत सांगत असेल, तर सांगू द्या, तुम्ही आपल्या भाषेत विचारा, “मग तू काय म्हणालीस?” तिने दोन्ही भाषांची सरमिसळ केली तर घाबरू नका, दोन्ही समजणाऱ्यांशी असंच बोललं जातं. आणि आजीला सांगा, “परीक्षा घेऊ नका, तुम्ही लहान असताना केलेले उद्योग तिला सांगा.” असल्या गोष्टी मुलं सोडत नाहीत.

शाळेच्या दारात तुमची भाषा बदलू नका. नेहमीच्या आवाजात, थोडक्यात बोला. रात्री दोघीच असताना विचारा, “तुला कुणी चिडवलं का गं?” हो म्हणाली तर दुसऱ्याच दिवशी वर्गशिक्षिकेला भेटा. नाही म्हणाली तरी पुढच्या पालकसभेत विचारा, की तासाबाहेर, कार्यक्रमांत, सूचनांमध्ये आमच्या भाषेला जागा का नाही? सोबत मिस्टरांनाही न्या. शाळा काय म्हणाली, ते मला नक्की कळवा.

तुमची ताई