राउटरवर मागणीनुसार डायल-अप (गरज पडली तरच फोन लावून जोडणी) लावलं, पण कोणी काम करत नसतानाही लाइन आपोआप का लागते?

सिस्को राउटर धरून सांगतो. बहुतेक वेळा दोष ‘डायलर-लिस्ट १ प्रोटोकॉल आयपी परमिट’ या ओळीचा असतो. तिचा अर्थ, कुठलंही आयपी पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा) आलं की फोन लाव. मग रिप (राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवायचा प्रोटोकॉल) दर ३० सेकंदांनी राउटिंगची माहिती पाठवतो, घड्याळ जुळवणारा एनटीपी अधूनमधून डोकावतो, विंडोजची मशीनं तर गप्प बसतच नाहीत. आयडल-टाइमआउट, म्हणजे फोन लावण्याजोगं पॅकेट न आल्यास किती वेळाने लाइन सोडायची ती मुदत, मुळात १२० सेकंदांचा. त्यामुळे एकट्या रिपमुळेसुद्धा लाइन कधीच सुटत नाही आणि बिल चढत राहतं.

आधी गुन्हेगार शोधा. ‘शो डायलर’ दिलं की ‘डायल रीझन’पुढे कॉल लावणाऱ्या पॅकेटचे दोन्ही पत्ते दिसतात. मग एक्स्टेंडेड अ‍ॅक्सेस-लिस्टमध्ये (पॅकेटं प्रोटोकॉल आणि पोर्टनुसार निवडणारी यादी) यूडीपी पोर्ट ५२० (रिप) आणि १२३ (एनटीपी) डिनाय करा, शेवटी ‘परमिट आयपी एनी एनी’ लिहा आणि ती यादी डायलर-लिस्टला जोडा. शेवटची ओळ राहिली तर लाइन लागणारच नाही. फोन लावणाऱ्या इंटरफेसवरच्या ‘डायलर-ग्रुप’चा (कोणती डायलर-लिस्ट वापरायची ते सांगणारी ओळ) आकडा डायलर-लिस्टशी जुळतो ना, हेही बघा.

इथे हमखास गैरसमज होतो: ही यादी काही अडवत नाही. लाइन चालू असेल तर डिनाय केलेली पॅकेटंही खुशाल जातात, फक्त त्यांच्यामुळे कॉल लागत नाही की आयडल-टाइमर पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही.

खरं तर पलीकडे एकच ऑफिस असेल तर रिप हवाच कशाला? स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला कायमचा रस्ता) द्या आणि फोन लावणारा इंटरफेस पॅसिव्ह करा, म्हणजे रिप त्यावरून काही पाठवणार नाही.