झटक्यात शुद्ध असते का, हे आधी सांगा

ताई, हसता हसता गुडघे सुटतात, दुपारी बसल्याजागी डोळा लागतो आणि सासूबाई 'ढोंग' म्हणतात, हे तुमचं वाचलं आणि दहा वर्षांपूर्वीचा मीच दिसलो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा चालू होता. कुणीतरी टोमणा मारला, मी हसलो आणि तिथंच पोत्यावर कोसळलो. मान लुळी, जीभ जड. पण 'कांदा आणा', 'चप्पल हुंगवा' सगळं ऐकू येत होतं!

मी डॉक्टर नाही, अडत्या आहे. तुम्हाला माझ्यासारखी नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा आवरता न येणाऱ्या झोपेचा आजार, असेलच असंही नाही. पण माझी चूक करू नका. दवाखान्यात विचारलं, "शुद्ध हरपते का?" सोबतच्या भावानं "हो" म्हणून टाकलं आणि मी गप्प बसलो. झालं, फाइलवर 'फिट्स'. दोन वर्षं त्या गोळ्या खाल्ल्या, झोप उलट वाढली. हसल्यावरच होतं हे सांगायला तोंड उघडलं की पुढच्या पेशंटला हाक. नाव घेत नाही, पण अजून डोकं फिरतं.

पुढे मिरजेत एका मेंदूच्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. मेंदूच्या देठात दोन बाजूंना निळसर ठिपके असतात, लोकस सेरुलियस. पेशी मेंदूच्या मानानं मोजक्याच, पण त्यांचं नॉरएपिनेफ्रिन हे रसायन जवळपास सगळ्या मेंदूला जागं ठेवतं. गाढ झोपेत त्या मंदावतात, स्वप्नांच्या झोपेत जवळजवळ गप्प. नार्कोलेप्सीत त्यांना हाकणारं ओरेक्सिन नावाचं रसायन आटतं, मग हसण्यासरशी त्या जागेपणीच गप्प होतात आणि अंगातला जोर जातो. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हिस्टामिन या जागं ठेवणाऱ्या दुसऱ्या रसायनाच्या पेशी मात्र अशा वेळी चालूच दिसल्या. शुद्ध राहते ती बहुधा त्यांच्यामुळे.

म्हणून झटक्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, तोंडी सांगण्यावर विसंबू नका. रात्रभराची झोपेची तपासणी आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी डुलक्यांची, या दोन्हींबद्दल विचारा. झटके रोखायला व्हेन्लाफॅक्सिनसारखी गोळी मिळाली तर मनानं एकदम बंद करू नका, झटके उसळून येतात. निदान होईपर्यंत गाडी चालवू नका, आमच्या सांगलीच्या आयर्विन पुलावरून तर नाहीच.

दुपारी वीस मिनिटं ठरवून झोपा. मी दुकानातच गादीवर आडवा होतो, शेतकरी आला की पोरगा हलवतो.