अ‍ॅप नीट चालतं, आकडेही चांगले आहेत, तरी युजर नाराज का?

तुम्ही विचारलंय की अ‍ॅप फास्ट आहे, क्रॅश जवळपास नाहीतच, सरासरी आकडे सगळे छान, मग रेटिंग का पडतंय. मी याच कामात आहे आणि मला वाटतं घोळ त्या सरासरीतच आहे, कारण रेटिंग देताना युजर सरासरी काढत बसत नाही. त्याला एक-दोन क्षण आठवतात, सगळ्यात जास्त डोक्यात गेलेला (किंवा सगळ्यात भारी वाटलेला) आणि शेवटचा.

याला पीक-एंड रूल म्हणतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांचा 1993 चा प्रयोग आहे, एका फेरीत लोकांनी 60 सेकंद 14 अंशाच्या गार पाण्यात हात ठेवला, दुसऱ्या फेरीत तेच 60 सेकंद आणि वर अजून 30 सेकंद, फक्त त्या 30 सेकंदांत पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत आणलं. म्हणजे त्रास उलट जास्त वेळ. तरी परत कुठली फेरी कराल विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलीच निवडली, कारण तिचा शेवट जरा सुसह्य होता!

आता तुमच्या अ‍ॅपकडे बघा. युजरने मोठा फॉर्म भरला, पत्ता, जन्मतारीख, फोटो, दोनदा क्रॉप करून अपलोड, सबमिट दाबलं आणि वर लाल अक्षरात "काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा", खाली सगळे रकाने रिकामे. तुमच्या डॅशबोर्डवर ती एक फेल झालेली रिक्वेस्ट, हजारातली एक, पण त्या माणसासाठी तुमचं अख्खं अ‍ॅप म्हणजे ती स्क्रीन. आधीची दहा पानं झटपट उघडली होती हे त्याच्या लक्षातही नाही. पेमेंटचंही तेच, चक्र फिरत राहतं, मग पांढरी स्क्रीन, आणि पैसे गेले की नाही कळायला मार्ग नाही. तिथे नुसतं "पैसे कापले गेलेले नाहीत" एवढं लिहिलं (आणि ते खरं असलं) तरी आठवण बदलते.

एक मात्र आहे, तो प्रयोग थोडक्यात संपणाऱ्या अनुभवाचा होता, अ‍ॅप माणूस रोज वापरतो, त्याला एकच असा शेवट नसतो. म्हणून मी प्रत्येक कामाचा शेवट वेगळा बघतो, ऑर्डर झाली, फाइल पाठवून झाली, आणि हो, अकाउंट बंद केलं तोही, कारण कॅन्सलचं बटण लपवलं की जाणारा माणूस तेवढंच लक्षात ठेवून जातो आणि चार जणांना सांगतो. आणि शेवटी स्क्रीनवर रंगीत कागद उडवून मधला राग पुसता येईल असं कृपया समजू नका, डेटा उडालेल्या माणसाला ते अजूनच झोंबतं.

तुमच्या जागी मी आधी सपोर्टची तिकिटं आणि एक स्टारचे रिव्ह्यू वाचून काढेन, त्यात तीच ती स्क्रीन परत परत येते का बघेन. सर्व्हेही काम झाल्या झाल्या नका दाखवू, काही दिवसांनी विचारा की आमच्या अ‍ॅपबद्दल काय आठवतंय, आणि खाली मोकळा रकाना द्या.