‘माणसं मनापासून काम करत नाहीत’ म्हणणाऱ्या मालकांसाठी

“पगार वेळेवर देतो, दिवाळीला बोनस देतो, तरी माणसं मनापासून काम करत नाहीत. त्यांच्यात उत्साह आणायचा तरी कसा?” ही तक्रार समुपदेशक म्हणून माझ्याकडे सारखी येते. भोसरी-चाकणचे लघुउद्योजक येतात, हिंजवडीतले टीम लीड येतात, पतसंस्थेच्या शाखाधिकारी बाई येतात. शब्द थोडे बदलतात, चेहऱ्यावरचा थकवा तोच असतो. म्हणून एका उद्योजकाची गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

वय चाळिशीच्या आसपास. वडिलांनी दोन लेथवर सुरू केलेलं वर्कशॉप यांनी वाढवलं, कर्ज काढून सीएनसी आणि व्हीएमसी ही संगणकावर चालणारी मशीन घेतली. गाड्यांचे सुटे भाग करतात. तीस-पस्तीस माणसं, त्यांतली निम्मी ठेकेदाराकडची. पहिल्याच भेटीत त्यांनी मला यादी ऐकवली. वक्ता बोलावून झाला. महिन्याच्या उत्तम कामगाराचा फोटो लावून झाला; ज्याचा फोटो लागला त्याला बाकीच्यांनी ‘शेठचा माणूस’ म्हणून इतकं चिडवलं की त्यानंच तो काढायला लावला. मग रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास होणारा माल, कमी आलं तर पूर्ण शिफ्टला रोख बक्षीस ठेवलं. पहिल्या महिन्यात आकडा छान खाली आला. पुढे कस्टमरकडून माल परत येऊ लागला, तेव्हा कळलं की खराब जॉब (मशीनवर केलेले भाग) बाजूला न काढता चांगल्या मालात घातले जात होते.

“म्हणजे मी पैसे दिले ते खोटं लपवायला,” ते म्हणाले. आवाजात राग होता, पण त्याहून जास्त दुखावलेपण होतं.

यात त्यांची माणसं जगावेगळी वाईट नव्हती. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांचा 1971 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना मधल्या टप्प्यात प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर मिळाला, काहींना काहीच नाही. पैसे बंद झाल्यावर, मोकळ्या वेळात, पैसे मिळालेल्या मुलांचं त्या कोड्यांकडे लक्ष कमी झालं. आधी ते गंमत म्हणून करत होते, आता फुकट कशाला करायचं? मी याच विचाराची समुपदेशक आहे आणि ते लपवत नाही: माणूस कामाला येताना ऊर्जा घेऊनच येतो. नोकरी लागल्यावर पहिल्या महिन्यातला कुठलाही मुलगा आठवून बघा. विहिरीचा झरा बुजला असेल तर मोटर बदलून पाणी येत नाही. झरा कुठे बुजला ते खाली उतरून बघावं लागतं.

तिसऱ्या की चौथ्या भेटीत ते पुन्हा त्याच मुद्द्यावर आले.

“डोकंच लावत नाहीत, मॅडम. साधं इन्सर्ट बदलायचं तरी मला फोन.” (इन्सर्ट म्हणजे मशीनच्या हत्याराचं झिजल्यावर बदलायचं पातं.)

“शेवटचं कुणी डोकं लावलं होतं, आठवतं?”

ते लगेच ‘कुणीच नाही’ म्हणणार होते. मग थांबले.

आठवलं ते असं. त्यांच्याकडे वडिलांच्या काळापासूनचे एक सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारे कारागीर, आहेत. उद्योजक त्यांना काका म्हणतात. काकांनी एकदा रात्रपाळीत फिक्स्चरमध्ये, म्हणजे मशीनवर जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनात, बदल केला, एकावेळी एकाऐवजी दोन जॉब पकडता येतील असा. सकाळी यांनी ते पाहिलं आणि पहिल्या शिफ्टच्या सगळ्या पोरांसमोर विचारलं, “कुणाला विचारून हात लावला?”

“जॉब बिघडले होते?” मी विचारलं.

“त्या आठवड्यात कस्टमरचं ऑडिट होतं. फिक्स्चर मंजुरीशिवाय बदललेलं दिसलं असतं तर…”

“ते समजलं. जॉब बिघडले होते?”

बराच वेळ ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही. अशा वेळी आपण काही सांगितलं की समोरच्याचं जवळ आलेलं उत्तर पुन्हा लांब जातं, हे मला अनुभवानं ठाऊक आहे. शेवटी ते म्हणाले, “नाही. सगळे ओके होते. गेजवर मीच तपासले.” आणि मग, जरा हळू, “तेव्हापासून काका मला काहीही विचारलं की ‘तुम्ही सांगा शेठ’ म्हणतात. मी समजत होतो, ते मान देतात.”

या एका वाक्यासाठी आमच्या आधीच्या सगळ्या भेटी झाल्या होत्या, असं मला वाटतं. पस्तीस माणसांनी त्या सकाळी एक धडा घेतला होता: इथे डोकं चालवलं तर अपमान, नाही चालवलं तर पगार. त्यांनी त्यातला शहाणपणाचा पर्याय निवडला. आळस म्हणून आपण ज्याच्यावर ओरडतो, ते बरेचदा असं शिकलेलं शहाणपण असतं.

पण मला त्याहून महत्त्वाचं काही दिसलं. त्यांनी ओरडण्याचं कारण सांगताना ऑडिटचं नाव घेतलं होतं. मी विचारलं, “त्या आठवड्यात झोप लागत होती?” तेव्हा कर्जाचे हप्ते, कस्टमरची दंडाची पत्रं, ‘बापानं कमावलं, पोरानं घालवलं’ असं गाव म्हणेल ही धास्ती, सगळं बाहेर आलं. कारखान्यात सगळ्यांत जास्त घाबरलेला माणूस मालक होता. घाबरलेला माणूस प्रत्येक गोष्ट आपल्या हातात घेतो, आणि सगळं एकाच्या हातात गेलं की बाकीच्यांचे हात आपोआप ढिले पडतात. कर्मचाऱ्यांना प्रेरणा देण्याचे उपाय विचारणाऱ्या बहुतेक वरिष्ठांशी मी आधी त्यांच्या भीतीबद्दल बोलते. ती भीती तशीच राहिली तर कितीही चांगला उपाय त्यांच्या हातून हुकूम होऊन बाहेर पडतो.

त्यांना मी एक साधं काम दिलं. आठवडाभर शॉपफ्लोअरवर आपण काय काय बोललो ते संध्याकाळी फोनमध्ये टिपायचं. यादी घेऊन आले तेव्हा स्वतःच म्हणाले, “यात एकही प्रश्न असा नाही, ज्याचं उत्तर मला आधीच ठाऊक नव्हतं.” ‘झालं का?’, ‘का नाही झालं?’, ‘कितीदा सांगायचं?’ हे प्रश्नासारखे दिसतात, ती हजेरी असते.

मग ते काकांकडे गेले. माफीचं भाषण करायचं होतं त्यांना. मी नको म्हटलं. पोरांसमोर एवढंच विचारा, “काका, ते दोन जॉबचं फिक्स्चर कसं केलं होतं, दाखवता का?” काका म्हणाले, “तेव्हा सांगत होतो, तेव्हा ऐकलं नाहीत.” सगळ्यांसमोर. आणि माझे उद्योजक म्हणाले, “हो. आता ऐकतो.” हे तीन शब्द त्यांना किती जड गेले असतील याची मला कल्पना आहे, आणि मला त्यांचा अभिमान वाटतो. त्या फिक्स्चरचं रीतसर ड्रॉइंग झालं, कस्टमरची मंजुरी घेतली गेली, आणि ड्रॉइंगवर काकांचं नाव आलं.

पुढे काही निर्णय ऑपरेटरकडे गेले: इन्सर्ट कधी बदलायचं, शिफ्टमध्ये जॉबचा क्रम काय लावायचा, आणि शंका आली तर मशीन थांबवायचं. टॉलरन्सला, म्हणजे मापात किती फरक चालेल या मर्यादेला, मात्र कुणी हात लावायचा नाही, हेही तितकंच स्पष्ट सांगितलं. मोकळीक द्यायची तर तिची हद्दही सांगायला हवी. नाहीतर माणूस आणखी बिचकतो. मशीन थांबवण्याची मुभा टोयोटाच्या कारखान्यांतून आली आहे. तिथे कुठलाही कामगार दोरी ओढून मदत मागू शकतो आणि अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. दोरी बसवणं सोपं असतं. ती चुकीच्या वेळी ओढणाऱ्याशी वरिष्ठ कसा वागतो, यावर सगळं ठरतं.

यांच्याकडेही तो दिवस आलाच. ठेकेदाराकडच्या एका नव्या मुलानं शंकेपोटी मशीन थांबवलं, दोन तास गेले, आणि जॉबमध्ये काहीच चूक नव्हती. पोरं मालकाच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी विचारलं, “तुला काय वेगळं वाटलं?” मुलगा म्हणाला, आवाज बदलला होता. काकांनी त्याला शेजारी उभं करून कुठला आवाज चालतो, कुठला नाही, ते ऐकवलं. हे मला फोनवर सांगताना ते म्हणाले, “मॅडम, आतून मी पेटलो होतो.” पेटणं थांबत नाही, त्या क्षणी प्रश्न विचारता येणं एवढंच शिकता येतं, आणि ते त्यांनी शिकलं होतं.

मग पैशाचं काय, असं मला हमखास विचारतात. पैसा गौण नाही, आणि तसं कामगाराला ऐकवणं अन्याय आहे. 1959 साली मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे 200 अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून मांडलं होतं की पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो. त्या सुधारल्या की नाराजी जाते, पण कामाचा ओढा येतो तो कामातूनच, केलेल्या कामाची दखल आणि जबाबदारी यांतून. म्हणून पगार 7 तारखेच्या आत, ओव्हरटाइमचा हिशेब चोख, कायद्यानं किमान 8.33 टक्के बोनस लागू असेल तर तो कुरकुर न करता. यावर उत्साहाची अपेक्षा ठेवू नका, हे देणंच आहे. आणि ठेकेदाराच्या पोरांना विसरू नका. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेल्या त्या मुलांना आपण ‘ए’ म्हणून हाक मारतो. त्यांना नावानं हाक मारा, ड्रॉइंग वाचायला शिकवा. शिकायला मिळतंय हे कळलं की ही मुलं कशी कामाला लागतात, ते अनेक मालकांनी मला येऊन सांगितलं आहे.

आयटीतल्या टीम लीडना मी हेच वेगळ्या शब्दांत सांगते: ज्या मीटिंगमध्ये तुमचं मत सगळ्यांत आधी येतं, ती मीटिंग तिथेच संपलेली असते. शाखाधिकारी बाईंना सांगितलं, कॅशियरनं ग्राहकाला दिलेला शब्द त्याच्यासमोर फिरवू नका. काही बोलायचं तर शटर ओढल्यावर बोला.

या वर्कशॉपमध्ये सगळं सुरळीत झालंय असं नाही. एक ऑपरेटर जबाबदारी नको म्हणून सोडून गेला. खरी अडचण आहे सुपरवायझरची. पूर्वी प्रत्येक गोष्ट त्यांना विचारून होई, आता पोरं परस्पर ठरवतात. आपलं इथे काय काम, ही त्यांची भीती मालकाच्या भीतीइतकीच खरी आहे. नव्या पोरांना शिकवण्याचं काम त्यांच्याकडे द्यावं असं उद्योजकांच्या मनात आहे. मी म्हटलं, ते तुम्ही ठरवण्याआधी त्यांना विचारा. पुढच्या भेटीला दोघं एकत्र येणार आहेत.