कोंबड्या पिल्लांना टोचतात, काय करू?

प्रश्न : ताई, धायरीला आमच्या घरामागे सहा गावठी कोंबड्या आहेत, सगळ्या एकाच खुराड्यात. तांबडी खुडूक झाली म्हणून तिथंच कोपऱ्यात नऊ अंड्यांवर बसवली. 21व्या दिवशी सात पिल्लं निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्यांनी दोन पिल्लं टोचून मारली, तिसऱ्याच्या डोक्याची कातडी निघाली आहे. मुलगी सारखी रडते आहे. ह्या कोंबड्या विकून टाकू का?

उत्तर : विकू नका. तांबडीला पिल्लांसकट वेगळं ठेवा, एवढं मी तुम्हाला त्याच दिवशी फोनवर सांगितलं. पण हीच तक्रार दर हिवाळ्यात येते, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचं हे ठरलेलं असतं. रवणावरची, म्हणजे अंडी उबवत बसलेली कोंबडी तीन आठवडे त्यातून बाहेर असते. ती उठते तेव्हा तिची जागा गेलेली असते, आणि मागे असतात चिवचिवणारे सात अनोळखी जीव. बाकीच्यांना ती आपली वाटतच नाहीत. त्यातून खुराडं एकच, म्हणजे अंडी घालायची जागाही तीच. भांडण होणारच.

माझ्या सासूबाई मुळशीच्या. त्या खुडूक कोंबडी कधी खुराड्यात बसवत नसत, पडवीत पाटीत भाताचं तूस घालून बसवायच्या. मी मांजरी गावी राहायला आल्यावर पहिल्यांदा रवण घातलं ते खुराड्यात, जागा वाचते म्हणून. दूध घेऊन परत येईपर्यंत चार पिल्लं गेली होती. ती चार पिल्लं मला अजून दिसतात.

आता तुमच्या पाच पिल्लांचं. बुरुड आळीतून मोठं डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची टोपली आणा, नाहीतर अर्ध्या इंचाच्या जाळीचा चार फुटी पिंजरा करून घ्या. तो बाकीच्या कोंबड्यांच्या वावरातच ठेवा, पार दुसरीकडे नको. रोज नजरेसमोर असली की त्यांना पिल्लांची सवय होते. नेलीत लांब आणि महिन्यानं आणलीत, तर ती पुन्हा अनोळखीच. रात्री मात्र आईसकट घरात घ्या, मांजर आणि मुंगूस दोन्ही तुमच्या भागात आहेत.

जखमी पिल्लाला लगेच आईखाली ठेवू नका. लाल दिसलं की कोंबड्या तिथंच टोचतात, कधी भावंडंसुद्धा. माझ्याकडे एकाच्या डोक्यावर हरभऱ्याएवढी उघडी जागा झाली होती. कोमट मिठाच्या पाण्यानं पुसून खोबरेलात कालवलेली हळद लावली, दिवसातून दोनदा, डोळ्यांत जाऊ न देता. एकटं पिल्लू ओरडून ओरडून थकतं, म्हणून सोबत एक शांत भावंड ठेवलं. आंब्याचं खोकं, खाली तूस, वर पिवळा बल्ब. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर गार पडतंय, कडेला पळाली तर तापतंय, सैल पसरून झोपली की बरोबर. पहिल्या आठवड्यात साधारण 35 अंश लागतात, आणि जानेवारीत पुण्याची रात्र दहाच्या आसपास उतरते हे ध्यानात असू द्या. खपली सुकली की दोघांना अंधार पडल्यावर आईच्या पंखाखाली सरकवा. दिवसा दिलीत तर ती हाकलू शकते.

खाण्याबद्दल एकच : अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना देऊ नका. त्यात कॅल्शियम फार असतं, मूत्रपिंड बिघडतं. पिल्लांचं वेगळं खाद्य मिळतं. पाणी उथळ बशीत, त्यात चार खडे, म्हणजे बुडणार नाहीत.

तीनेक आठवड्यांनी एका संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात शिरायच्या अर्धा तास आधी, आईसकट मोकळी सोडा आणि स्वतः तिथं बसा. दाणे दोन ठिकाणी टाका. डालगं विटांवर अडीच इंच उचलून ठेवा, म्हणजे पिल्लू खाली पळू शकतं, मोठी कोंबडी शिरू शकत नाही. एखादी टोच चालते. पण पिल्लू कोपऱ्यात गाठून कोणी मारत सुटलं, तर त्या एकीला पकडून तीन-चार दिवस बाजूला ठेवा. परत सोडल्यावर तिलाच आपली जागा नव्यानं शोधावी लागते. बहुतेकदा अशी एकच असते, आणि तिच्यापायी सहाही विकायला निघतात लोक.

सहा-आठ आठवड्यांनी तांबडी स्वतःच पिल्लांना चोच मारायला लागेल. घाबरू नका, ती पुन्हा अंडी द्यायला लागणार असते.

जखमी पिल्लाच्या डोक्यावर पिसं फुटली की मुलीला मला दोन ओळी लिहायला सांगा.