देझूर्नी म्हणजे नेमकं कोण?

प्रश्न: माझी मुलगी रशियात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोन केला की सारखं म्हणते, आई आज माझं देझूर्स्त्वो आहे, नंतर बोलू. मला वाटायचं हॉस्पिटलची ड्युटी असेल, परवा कळलं की होस्टेलच्या किचनमधला ओटा नि शेगडी पुसायची पाळी होती! मोबाइलवर शोधलं तर 'देझूर्नाया उलीब्का' असं काहीतरी सापडलं, त्याचा अर्थ 'ड्युटीवरचं हसू' असा आला. हसू ड्युटीवर कसं असेल? आणि हा शब्द मूळचा फ्रेंच आहे असंही वाचलं, ते खरं का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर: ताई, खरंय, शब्द फ्रेंचच आहे. फ्रेंचमध्ये 'झूर' म्हणजे दिवस, 'द झूर' म्हणजे दिवसाचा, आणि ज्याच्याकडे त्या दिवसाची जबाबदारी तो माणूस 'द झूर' असायचा. (हा झ आपल्या झाडातला नाही, इंग्रजी लोक टेलिव्हिजन म्हणताना मधे जो आवाज काढतात तो.) अठराव्या शतकात रशियाच्या सैन्यात हे दोन शब्द जोडूनच घेतले गेले आणि पुढे त्याला रशियन विशेषणाचा 'नी' लागून देझूर्नी झालं. बाई असेल तर देझूर्नाया, कामाला देझूर्स्त्वो, आणि ते काम करणे याला देझूरित् असं क्रियापदसुद्धा. 1812 साली नेपोलियनच्या फ्रेंच फौजेशी लढणाऱ्या रशियन सेनापती कुतुझोव्हच्या सैन्यात कोनोव्नीत्सिन हे 'देझूर्नी गेनेराल' होते, म्हणजे लढाई फ्रेंचांशी आणि हुद्द्याचं नाव फ्रेंच, पण तोवर तो शब्द रशियन लोकांना परका वाटायचा बंदच झाला होता.

आता तुमचा घोटाळा का झाला ते सांगते. आपण देझूर्स्त्वोचं भाषांतर ड्युटी करतो आणि ड्युटी म्हटलं की आपल्याला नोकरी, युनिफॉर्म, पगार दिसतो. रशियनमध्ये या शब्दाचा जीव 'पाळी'त आहे, आज माझी उद्या तुझी. सोव्हिएत काळात शहरांत अनेकदा एकाच फ्लॅटमध्ये चार-पाच कुटुंबं राहायची, किचन-संडास सगळ्यांचं एकच, तिथे साफसफाईचं देझूर्स्त्वो आळीपाळीने असायचं आणि त्यावरून भांडणंही व्हायची. शाळेत रोज एक-दोन मुलं देझूर्नी असतात, फळा पुसा, खडू आणा, कुंड्यांना पाणी घाला. मी पुण्यात रशियन शिकायला लागले तेव्हा आमच्या बाई वर्गात आल्या की पहिलं वाक्य हेच, "क्तो सिवोद्न्या देझूर्नी?", आज पाळी कोणाची, मग ज्याची असेल त्याने उभं राहून आजची तारीख काय, कोण आलं नाही हे सगळं रशियनमध्ये सांगायचं. मला त्या दिवशी इतकी धडकी भरायची की आदल्या रात्री तारखा पाठ करत बसायचे, पण रशियन तारखा आजही झोपेतून उठवून विचारा, चुकणार नाही!

तुमच्या मुलीचं हॉस्पिटल सुरू झालं की तिथेही हाच शब्द येईल, देझूर्नी व्राच म्हणजे त्या वेळी ड्युटीवर असलेला डॉक्टर, आणि रात्रपाळीला सरळ 'रात्रीचं देझूर्स्त्वो' म्हणतात, शब्दाच्या पोटात 'दिवस' आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

हसू मात्र मला फार आवडतं, म्हणून जरा सावकाश सांगते. ज्याची पाळी असते तो हजर असतो, कधीही जा, सापडणारच. म्हणून रात्री उघडं राहणारं औषधांचं दुकान देझूर्नाया, इमारतीत रात्रभर जळणारा मंद दिवा देझूर्नी, हॉटेलात हमखास तयार असणारी डिश देझूर्नी. आणि जे कायम तयार असतं ते कोणासाठी खास बनवलेलं नसतं ना, तिथून अर्थ घसरला. पाहुणे आले की ठरलेलं तेच "अय्या किती दिवसांनी!", फोटोसाठी चिकटवलेलं हसू, समारंभात प्रत्येकाला केलेलं तेच कौतुक, हे सगळं देझूर्नी. आपण 'तोंडदेखलं' म्हणतो तेच. 'ड्युटीवरचं हसू' हे भाषांतर शब्दाला शब्द बरोबर आहे पण मराठीत ते तोंडदेखलं हसूच.

आणि हे 'झूर' रशियनमध्ये अजून कुठे कुठे लपलंय बघा. झुर्नाल म्हणजे मासिक, आणि शाळेतलं हजेरीचं-मार्कांचं रजिस्टरसुद्धा. आबाझूर म्हणजे दिव्याची शेड, फ्रेंचमध्ये 'झूर' म्हणजे उजेडही, तो उजेड खाली पाडणारी ती आबाझूर. आणि सगळं व्यवस्थित चाललंय याला 'व आझूरे' म्हणतात, ते हिशेबातून आलं, वह्या आजच्या तारखेपर्यंत भरलेल्या आहेत म्हणजे 'आ झूर'. आपण फारसीतला रोज घेऊन रोजनिशी, रोजंदारी, रोजकीर्द केलं ना, अगदी तसंच. कॉमर्सच्या मराठी पुस्तकात जर्नलला रोजकीर्दच म्हणतात, जर्नलमध्ये फ्रेंच दिवस आणि रोजकिर्दीत फारसी दिवस, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दिवसभर येईल त्याला सांगत होते.

एक सांगून ठेवा मुलीला. होस्टेलच्या दारावर बसणाऱ्या बाईंना बऱ्याच ठिकाणी देझूर्नाया किंवा वाख्त्योर म्हणतात, हा दुसरा शब्द जर्मनकडून आलेला. पण त्या बाईंशी समोरासमोर बोलताना यातलं काहीच नको, त्यांचं नाव आणि त्यांच्या वडिलांच्या नावावरून झालेलं दुसरं नाव, असं दोन्ही मिळून हाक मारायची, रशियात तोच मान. आणि पुढच्या वेळी ती देझूर्स्त्वो म्हणाली की आधी विचारा, किचनचं का वॉर्डचं.